लग्नाचा व्हिडिओ ठरवताना आधी कान, मग डोळे

आमच्या लग्नाची कॅसेट १९९६ सालची. त्यात थोरली आत्या मंगलाष्टक म्हणताना दिसते. दिसते, पण ऐकू येत नाही. दोन्ही घरांची आडनावं शार्दूलविक्रीडितात बसवायला तिने आठ दिवस घेतले होते. सासरचं आडनाव काही केल्या वृत्तात बसेना, तेव्हा शेवटी तिने सासरेबुवांच्या नावावर भागवलं. शूटिंगवाल्याने नंतर ‘मिक्सिंग’ करताना तो सगळा भाग एका हिंदी गाण्याने झाकून टाकला. आत्याचे ओठ हलतात आणि आवाज येतो पार्श्वगायिकेचा. कोपऱ्यात एका बदामात आम्ही दोघं गोल गोल फिरतो. तेव्हा तो बदाम सगळ्यांना फार आवडला होता, मलासुद्धा. पुढे मंगलाष्टकाचा कागद हरवला, आत्याही गेली. आता त्या आठ दिवसांच्या मेहनतीतलं काही उरलं असेल तर ते हलणारे ओठ.

तेव्हापासून घरात कुणाचंही लग्न ठरलं की व्हिडिओवाला ठरवायला मी बरोबर जाते. भाचे, पुतण्या, मैत्रिणींची मुलं अशी बरीच लग्नं झाली. एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. चित्र आता जवळजवळ सगळेच चांगलं काढतात. फोनसुद्धा फोर-के चित्रीकरण करतो. फरक पडतो तो आवाजात. आपलं लग्न हा निम्मा ऐकण्याचा सोहळा आहे. मंगलाष्टकं, गुरुजींचे मंत्र, सनई, उखाणे, कानपिळीच्या वेळची थट्टा, हळदीची गाणी, पाठवणीला आई काहीतरी पुटपुटते ते. हे ज्याला ऐकू येतं त्याच्या हाती कॅमेरा द्यावा, असं माझं मत आहे. पुढचं सगळं त्या मताभोवतीच फिरणार आहे.

आधी शब्द समजून घ्या

स्टुडिओत गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जे शब्द कानावर पडतात, त्यांचे अर्थ माहीत असलेले बरे.

‘ट्रॅडिशनल’ म्हणजे विधी सुरुवातीपासून शेवटपर्यंत, क्रमाने, बहुतेक वेळा तिवईवर ठेवलेल्या कॅमेऱ्याने टिपायचे. यातून दोन-तीन तासांचा पूर्ण व्हिडिओ तयार होतो. ‘सिनेमॅटिक’ म्हणजे गिंबलवर फिरणारा कॅमेरा, संथ गती, मागे संगीत, आणि शेवटी चार ते दहा मिनिटांची ‘हायलाइट’ फिल्म. ‘टीझर’ एखाद्या मिनिटाचा असतो. ‘रील’ फोनवर बघण्यासाठी उभी. ‘कॅन्डिड’ हा मूळचा फोटोग्राफीतला शब्द. माणसांना कॅमेऱ्याकडे बघायला न लावता टिपणं, एवढाच त्याचा अर्थ.

हल्लीची मुलं म्हणतात, ट्रॅडिशनल कोण बघतं? फक्त सिनेमॅटिक घेऊ. इथे थोडं थांबा. हायलाइट फिल्ममध्ये तुमच्या लग्नाचा खरा आवाज बहुधा नसतोच, असलाच तर एखादं वाक्य. ती फिल्म पहिल्या महिन्यात पन्नासदा बघितली जाते, शेजाऱ्यांना दाखवली जाते. दहा वर्षांनी माणूस शोधतो तो आजोबांचा आवाज, आणि तो असतो ट्रॅडिशनल व्हिडिओत, तासभर पुढे गेल्यावर, कुठल्या तरी कोपऱ्यात. पैसे कमी असतील तर ड्रोन वगळा, प्री-वेडिंग वगळा, पण एक कॅमेरा विधी सलग टिपणारा असू द्या.

शोध कधी सुरू करायचा

कार्यालय ठरलं की लगेच. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, एप्रिल-मेमध्ये कळस गाठतात आणि चातुर्मासात थंडावतात. हल्ली काढीव मुहूर्तांमुळे तेव्हाही थोडी लग्नं होतात. पंचांगातली चांगली तारीख सगळ्या गावासाठी एकच असते. त्या दिवशी तुमच्या भागातला प्रत्येक बरा माणूस कुठे ना कुठे अडकलेला असतो. मे महिन्यातला रविवार आणि त्यातून मुहूर्त असेल तर सहा-आठ महिने आधी विसार देऊन मोकळं व्हावं.

कार्यालयाचा करार करतानाच एक प्रश्न विचारून ठेवा: बाहेरचा फोटो-व्हिडिओवाला चालतो का? काही कार्यालयं आणि रिसॉर्ट आपल्या ठरलेल्या मंडळींचाच आग्रह धरतात, किंवा बाहेरचा आणल्यास वेगळी रक्कम लावतात. हे विसार दिल्यावर कळलं तर वाद होतो.

नमुना कोणता मागायचा

कुठल्याही स्टुडिओत तुम्हाला आधी त्यांच्या सर्वांत देखण्या कामाचा तुकडा दाखवतात. तलावाकाठचा मंडप, तिरप्या उन्हात उडणाऱ्या अक्षता, नवरीच्या पापण्या. ते चहा घेता घेता बघा, आणि मग शांतपणे म्हणा, “एका लग्नाचा पूर्ण व्हिडिओ दाखवा. आमच्यासारख्याच कार्यालयात झालेल्या, दुपारच्या मुहूर्ताच्या.”

तो सुरू झाला की मंगलाष्टकांपासून सप्तपदीपर्यंतचा भाग बघा आणि हेडफोन मागून घ्या. काय तपासायचं ते सांगते. मंगलाष्टकं कोण म्हणतंय ते कळतंय का, की वर गाणं चढवलंय? गुरुजींचा आवाज स्पष्ट आहे की पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा? अंतरपाट दूर झाल्यावर दोघांचे चेहरे दिसतात की कुणाचा तरी फोन धरलेला हात? कन्यादानाच्या वेळी मुलीच्या वडिलांवर कॅमेरा जातो का? जेवणाच्या पंगतीत माणसांचे चेहरे आहेत की फक्त जिलेबीचं ताट? वीस मिनिटांत या माणसाला लग्न कळतं की नाही ते समजतं.

चित्राबाबत एक तांत्रिक गोष्ट डोळ्यांनीच ओळखता येते. स्टेजमागच्या एलईडी वॉलवर किंवा दिव्यांखाली आडवे पट्टे सरकताना, चित्र लुकलुकताना दिसलं, तर कॅमेऱ्याची मांडणी चुकलेली आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे सेकंदाला २५ किंवा ५० चौकटी आणि त्याला जुळणारा शटरचा वेग ठेवला की हा दोष बहुतेक टळतो. तुम्ही प्रश्न विचारलात आणि समोरचा गोंधळला, तर उत्तर मिळालंच.

आणखी एक. दाखवलेलं काम ज्याने केलं, तोच माणूस तुमच्या लग्नाला येणार आहे का? एका तारखेला चार-पाच लग्नं घेणारे स्टुडिओ रोजंदारीवर बाहेरची माणसं पाठवतात. त्यात गैर काही नाही, पण प्रमुख कॅमेरामन कोण ते नावानिशी ठरवून घ्या आणि लग्नाआधी एकदा त्याला भेटा.

आवाजाचे चार प्रश्न

कॅमेऱ्यावरचा माइक खोलीतला सगळा कल्लोळ सारखाच गोळा करतो. पंधरा फुटांवरचे गुरुजी आणि दोन फुटांवर खुर्ची ओढणारे काका, त्याच्या लेखी दोघे सारखेच. म्हणून हे विचारा.

एक, नवरदेवाच्या उपरण्याला किंवा शेरवानीला छोटा कॉलर माइक लावणार का? वधूच्या दागिन्यांवर माइक खडखडतो, वराच्या अंगावर लावला तर दोघांचाही आवाज आणि समोर बसलेल्या गुरुजींचे शब्द बऱ्यापैकी मिळतात. होमाच्या वेळी दोघांमधली कुजबुजही मिळते. ती ठेवायची की नाही ते नंतर ठरवा.

दोन, मंगलाष्टकं ज्या माइकवर म्हटली जातात, त्या साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट आवाज घेणार का? एक वायर किंवा छोटा रेकॉर्डर जोडला की काम होतं, पण त्यासाठी व्हिडिओवाला आणि साउंडवाला यांची आधी गाठ घालून द्यावी लागते. ती गाठ तुम्हीच घालून द्या.

तीन, मुख्य माइक बंद पडला तर दुसरी सोय काय? वेगळा रेकॉर्डर कुठेतरी चालू असला पाहिजे.

चार, संकलन करताना मूळ आवाज कुठे कुठे राहणार? हे तोंडी न ठेवता लिहून घ्या: मंगलाष्टकं, कन्यादान, सप्तपदी, उखाणे आणि पाठवणी यांवर गाणं चढवायचं नाही. १९९६ साली हे एक वाक्य लिहून घेण्याची अक्कल आम्हाला असती, तर हा लेख कदाचित लिहावा लागला नसता.

विधींचा क्रम हातात द्या

तुमच्या घरचा क्रम व्हिडिओवाल्याला माहीत असेल असं गृहीत धरू नका. शहरात काम करणारी बरीच मुलं वेगवेगळ्या प्रांतांतून आलेली असतात, आणि आपल्याकडेही कोकणातला क्रम विदर्भाशी जुळत नाही. देवक कोणत्या दिवशी बसतं, घाणा भरतात का, सूनमुख कधी, झाल कधी, माप ओलांडणं कोणत्या घरी, हे एका कागदावर वेळेसह लिहा. गुरुजींकडूनच लिहून घेतलं तर उत्तम.

या कागदाचा मोठा फायदा म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी काय चाललंय ते लक्षात येतं. वधू आत गौरीहरापाशी बसलेली असते, तेव्हा बाहेर वराकडची मंडळी दारात येत असतात. एकटा कॅमेरामन अर्थातच वाजंत्री असेल तिकडे धावतो. गौरीहरापाशी बसलेली मुलगी, तिच्या शेजारी तांदूळ सारखे करणारी आई, ही दहा मिनिटं मग कुठेच उरत नाहीत. दोन माणसं लागतात ती यासाठी. दोन कॅमेरे स्टेजसमोर शेजारी शेजारी उभे करण्यासाठी दुसऱ्याचे पैसे देऊ नका.

अंतरपाटाचा क्षण काही सेकंदांचा असतो आणि त्याला रिटेक नाही. गुरुजी अंतरपाट कोणत्या बाजूला ओढणार, मामा मुलीला कुठून आणणार, हे आधी विचारून जागा ठरवावी लागते. जो गुरुजींशी आपणहून बोलतो तो कामाचा माणूस. जो “गुरुजी, जरा थांबा, परत एकदा” म्हणतो, त्याला घटिका म्हणजे काय ते कुणीतरी समजावून सांगायला हवं.

बौद्ध पद्धतीच्या लग्नात त्रिशरण-पंचशील आणि वंदना असते, सत्यशोधक लग्नात महात्मा फुल्यांनी रचलेली मंगलाष्टकं म्हटली जातात, वसईच्या चर्चमधल्या लग्नात फादरांची परवानगी घेऊन वेदीपासून किती अंतरावर उभं राहायचं ते ठरवावं लागतं, आगरी-कोळी घरांत हळदीची रात्र लग्नाइतकीच मोठी असते. पद्धत कुठलीही असो, कान द्यायच्या जागा आधी ठरवाव्या लागतात. नोंदणी पद्धतीच्या विवाहात तर सह्या आणि हार मिळून काही मिनिटांचाच मामला. तिथे मोठ्या पथकापेक्षा एक चपळ माणूस पुरतो, मात्र कार्यालयात चित्रीकरण चालतं का ते आधी विचारून घ्या.

माणसांची यादी, आणि एक वाटाड्या

व्हिडिओवाल्याला तुमची आजी कोण आणि शेजारची आजी कोण हे कळणार नाही. दहा-बारा माणसांची यादी करा, फोटोसकट पाठवा. ज्यांची तब्येत बरी नाही, जे फार लांबून आले आहेत, ज्यांनी मुलीला लहानपणी सांभाळलं त्या मावशी, ही नावं त्यात आधी यावीत. पुढाऱ्यांची नावं यादीत नसली तरी ते चित्रीकरणात येतातच.

त्या दिवशी कॅमेरामनच्या जोडीला घरचं एक माणूस द्या. चुलत भाऊ, मावसबहीण, कुणीही, पण ज्याला सगळे नातेवाईक ओळखता येतात असं. नवरीचा सख्खा भाऊ नेमू नका, त्याला कानपिळीला जायचं असतं.

थोरांना कॅमेऱ्यासमोर उभं करून “दोन शब्द बोला” म्हटलं की सगळे एकच वाक्य बोलतात, आणि तेही घसा खाकरून. त्याऐवजी केळवणाच्या किंवा हळदीच्या दिवशी, पंखा बंद करून, एखाद्या शांत खोलीत बसवा आणि नेमकं काहीतरी विचारा. तुमच्या लग्नात पंगतीला काय होतं? वरात कशातून निघाली? नवऱ्याला पहिल्यांदा कुठे बघितलंत? माझ्या भाचीच्या लग्नात तिच्या आजेसासूबाईंनी या शेवटच्या प्रश्नावर सांगितलं, “अंतरपाट काढल्यावर.” आणि मग अर्धा मिनिट नुसत्या हसत राहिल्या. अख्ख्या चित्रीकरणातला तो अर्धा मिनिट घरात सगळ्यांत जास्त वेळा बघितला गेला आहे.

हळदीला डीजे असेलच, तर घाणा भरताना दहा मिनिटं तो बंद ठेवायला सांगा. ज्या बायकांना ओव्या येतात त्या आता फार उरलेल्या नाहीत, आणि डीजे चालू असताना त्या म्हणतही नाहीत.

ड्रोन, लाइव्ह आणि बाकीची हौस

ड्रोनचं चित्र छान दिसतं, वरातीला आणि मोकळ्या लॉनवर शोभतं. पण मंगलाष्टकांच्या वेळी डोक्यावर ड्रोन म्हणजे स्वयंपाकघरातला मिक्सर मांडवात आणून ठेवणं आहे. तेवढा वेळ तो खाली उतरवायचा, हे आधी ठरवा.

नियमही लक्षात असू द्या. ‘ड्रोन नियम, २०२१’ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला बऱ्याच अटींतून सूट आहे. त्याहून जड ड्रोन पैसे घेऊन उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. कुठे उडवायला मुभा आहे ते ‘डिजिटल स्काय’च्या हिरव्या, पिवळ्या आणि लाल नकाशावर दिसतं. विमानतळाच्या जवळ निर्बंध कडक आहेत. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात विनापरवानगी फक्त २०० फुटांपर्यंत, त्याच्या आत परवानगीशिवाय नाही. मुंबईत सांताक्रूझ, पुण्यात लोहगाव, नागपुरात सोनेगाव, गोव्यात दाभोळी अशा भागांत कार्यालय असेल तर हे बघाच. शिवाय शहरांचे पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात. “आम्ही नेहमी उडवतो, काही होत नाही” हे उत्तर परवानगी नव्हे. किल्ल्यावर किंवा संरक्षित स्मारकात प्री-वेडिंग करायचं मनात असेल तर तिथलीही परवानगी लागते, आणि तिचा अर्ज कोण करणार हे ठरवून घ्या.

लाइव्ह प्रक्षेपण परदेशातल्या नातेवाइकांसाठी खरंच उपयोगाचं आहे. दुपारी साडेबाराचा मुहूर्त म्हणजे उन्हाळ्यात लंडनला सकाळचे ८ आणि न्यू जर्सीला पहाटेचे ३. गजर लावून उठलेल्या त्या मावशीला निदान मंगलाष्टकं नीट ऐकू आली पाहिजेत, म्हणून लाइव्हचा आवाजही साउंडच्या मिक्सरमधूनच द्या. कार्यालयातलं वायफाय अपलोडला किती वेग देतं ते आठवडाभर आधी, त्याच वेळेला जाऊन तपासा. लग्नाच्या दिवशी पाचशे फोन त्याच टॉवरवर असतात. लिंक सार्वजनिक न ठेवता फक्त घरच्यांना द्या.

आणि गाण्यांची भानगड. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे लग्नाच्या सोहळ्यात, वरातीत गाणी वाजवण्याला सूट आहे. यूट्यूबची यंत्रणा मात्र गाणं ओळखून व्हिडिओ अडवू शकते किंवा आवाज बंद करू शकते. मागे सिनेमाचं गाणं वाजत असताना लाइव्ह बंद पडायचा धोका असतो. विधींच्या वेळी सनई प्रत्यक्ष वाजणारी असेल, तर त्यासारखं दुसरं काही नाही.

पैसे आणि कागद

दर शहरागणिक, माणसागणिक बदलतात, म्हणून आकडा सांगण्यात अर्थ नाही. दोन दरपत्रकं शेजारी ठेवून बघताना मात्र एवढं तपासा: किती दिवस, दिवसाला किती तास, किती माणसं, किती कॅमेरे, संकलनात काय काय, हार्ड डिस्क कुणाची, येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च कुणाचा. ‘पॅकेज’ स्वस्त वाटतं तेव्हा यातलं काहीतरी गळालेलं असतं. जीएसटी धरून आकडा आहे का तेही विचारा. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते, आणि नोंदणी असलेला व्यावसायिक १८ टक्के लावणार.

पैसे तीन टप्प्यांत द्यावेत. विसार, लग्नाच्या दिवशी मोठा भाग, आणि थोडी रक्कम व्हिडिओ हाती आल्यावर. शेवटचा हप्ता राखून ठेवणं हा अविश्वास नाही, कामाची ती रीत आहे. तशीच दुसरी रीतही पाळा: व्हिडिओ आला, पटला, की उरलेले पैसे त्याच दिवशी द्या.

करार एका पानाचा असला तरी चालतो. व्हॉट्सॲपवरच्या गप्पांपेक्षा सहीचा कागद बरा. त्यात पुढच्या गोष्टी असाव्यात:

• तारीख, ठिकाणं, वेळ आणि प्रमुख कॅमेरामनचं नाव. तो आजारी पडला तर कोण येणार.
• काय मिळणार: पूर्ण व्हिडिओ, हायलाइट, टीझर, प्रत्येकाची अंदाजे लांबी आणि मुदत.
• मूळ आवाज कुठे राखायचा त्याची यादी.
• दुरुस्तीच्या किती फेऱ्या दरात धरल्या आहेत.
• कच्चं चित्रीकरण मिळणार का, आणि स्टुडिओ ते किती महिने जपून ठेवणार.
• तारीख पुढे गेली तर विसाराचं काय. घरात सुतक आलं तर लग्न पुढे ढकलावं लागतं. त्या वेळी वाद घालण्याच्या मनःस्थितीत कुणी नसतं, म्हणून हे आधीच लिहावं.
• स्टुडिओला आपल्या जाहिरातीसाठी व्हिडिओ वापरायचा असेल तर तुमची लेखी परवानगी.

शेवटच्या मुद्द्याबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे देऊन करवून घेतलेल्या फोटोचा किंवा चित्रपटाचा पहिला मालक करवून घेणारा असतो, पण उलट करार झालेला नसेल तर. म्हणजे गप्प बसलात तर हक्क तुमचा, आणि स्टुडिओच्या छापील अर्जावर न वाचता सही केलीत तर कदाचित त्यांचा. मागच्या पानावरची बारीक अक्षरं वाचा.

काम झालंच नाही, व्हिडिओ मिळालाच नाही, तर आधी लेखी पत्र द्या. त्याने भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पावती, सहीचा कागद आणि संदेश जपून ठेवले असतील तरच हे सोपं.

त्या दिवशी तुमच्या बाजूने

चांगला माणूस ठरवूनही काम बिघडतं, ते बऱ्याचदा घरच्यांमुळे. चार गोष्टी सांभाळा.

केटररला पानांचा आकडा देताना व्हिडिओवाल्यांची माणसं धरा आणि त्यांना पहिल्याच पंगतीत बसवा. सकाळी सहाला आलेला माणूस चारपर्यंत उपाशी राहिला तर पाठवणीला त्याचा हात थरथरणारच.

डेकोरेशनवाल्याला सांगा की विधींच्या वेळी स्टेजवर जांभळे-निळे दिवे नकोत. चेहऱ्यावर साधा, उबदार पांढरा प्रकाश हवा. संगीताच्या रात्री हवे तेवढे रंग उधळा.

मंगलाष्टकांपूर्वी गुरुजींकडून किंवा निवेदकाकडून एकदा सांगून घ्या: पुढे येऊन फोन धरू नका, व्हिडिओ सगळ्यांना मिळणार आहे. लोक ऐकतात, सांगणारा वयाने मोठा असला तर.

आणि वेळ पाळा. नवरी तयार व्हायला तास उशीर झाला की पहिला बळी जातो तो निवांत चित्रीकरणाचा. मग सगळे विधी धावत होतात आणि व्हिडिओवाला आपल्याला घाई करतो असं वाटायला लागतं.

लग्न नोंदणीच्या अर्जाबरोबर लग्नपत्रिका आणि लग्नाचा फोटो जोडावा लागतो, तेव्हा दोन-तीन स्वच्छ फोटो दुसऱ्याच दिवशी मागून घ्या. अल्बमची वाट बघत बसू नका.

हाती आल्यावर

फोर-के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने नोंदलं, तर तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे सहा तास चालले तर ५४० जीबी. कच्चं चित्रीकरण हवं असेल तर दोन टीबीची डिस्क तुम्हीच घेऊन द्या. कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर नोंद करतो का हेही आधी विचारलेलं बरं. एक कार्ड बिघडलं तरी लग्न वाचतं.

मग प्रती करा. एक घरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या डिस्कवर दुसऱ्या घरी, म्हणजे मुलीच्या माहेरी, आणि निवडक भाग क्लाउडवर. पेनड्राइव्हवर भरवसा नको. डिस्क वर्षातून एकदा लावून बघा आणि पाच-सात वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवून घ्या. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानमधल्या शेवटच्या कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवलं. कपाटात जुन्या कॅसेट असतील तर त्यांना बुरशी लागण्याआधी डिजिटल करून घ्या. आमची आम्ही करून घेतली. चित्र आलं.

व्हिडिओ आला की घरात सगळे टीव्हीभोवती जमतात, आपण कसे दिसतो ते शोधतात. ते होऊ द्या. नंतर, पैसे चुकते करण्याआधी, एकट्याने बसून मंगलाष्टकांचा भाग लावा आणि डोळे मिटून पाच मिनिटं ऐका. कोण गातंय ते ओळखू आलं, मध्ये कुणाचं तरी बाळ रडलं, अक्षता पडल्याचा आवाज आला, की उरलेली रक्कम देऊन टाका. गाणं लागलेलं असेल, तर दुरुस्तीची पहिली फेरी तिथूनच सुरू करा. मूळ आवाज अजून स्टुडिओच्या डिस्कवर असतो.